गुलमोहर तोडण्याआधी त्याच्या मुळांचं काय केलंत ते बघा

मुरूमकर

कालची एक पोस्ट वाचून हे लिहितोय. पुण्यात एरंडवण्यातल्या एका गल्लीत वळवाच्या पावसात गुलमोहर गाडीवर पडला. त्यावरून पोस्टकर्त्यांनी निष्कर्ष काढलाय की परदेशी झाडं ठिसूळच असतात, तेव्हा शहरातले सगळे गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष काढा, बहावा-ताम्हण लावा. खाली दीडशे लोकांच्या टाळ्या.

त्यांनीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. उपटलेल्या मुळांच्या गड्ड्यात रस्त्याकडची मुळं एका सरळ रेषेत कापलेली आहेत आणि टोकं काळी पडलीत. वाऱ्याने आज तुटलेलं मूळ आतून फिकट आणि ओलं दिसतं, धागेधागे निघालेलं असतं. ही मुळं केबलचा किंवा ड्रेनेजचा चर खणताना केव्हाच तोडलेली आहेत. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. बुंध्यापासून फूटभर अंतरावर चर मारला की त्या बाजूचा आधार संपला. जखमेतून बुरशी शिरते, बुंध्याच्या पायाशी लाकडासारख्या कडक छत्र्या दिसायला लागतात, तोवर आतलं लाकूड पोकळ झालेलं असतं. वरून पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवून बसवलेले, त्यांच्या फटींत सिमेंट. पाणी नाही, हवा नाही.

आणि वळीवच का? गुलमोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण असतो. एप्रिल-मेमध्ये फुलं आणि नवी पालवी एकदम येते. म्हणजे पहिली वादळी सर येते तेव्हाच माथा सगळ्यात जड झालेला असतो. तीनच बाजूंनी धरलेलं झाड तेव्हा आडवं होणारच. दोष गुलमोहराच्या मूळ देशाला, मादागास्करला, देऊन चर मारणारा मोकळा सुटतो, याचा मला राग आहे.

वावळ

चराबद्दल सहमत. बाकी नाही.

त्याच चराशेजारचे कडुनिंब आणि करंज उभे राहतात, हे कसं? गुलमोहराचं लाकूड हलकं, फांद्यांचे सांधे कमकुवत, मुळं उथळ. बुंध्याशी मुळांच्या भिंती वर येतात आणि सहा फुटी फुटपाथ उचलतात. मग कुणीतरी त्याच मुळांवर कुऱ्हाड चालवतो आणि आपण पुन्हा तुमच्याच फोटोवर येतो. हे झाड मैदानात, बागेत शोभतं. एम्प्रेस गार्डनसारख्या जागी हवं तेवढं पसरू द्या. दोन मजली घराच्या कुंपणाला चिकटून नको.

शिवाय बहाव्याच्या पानांवर पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या त्याच पानांवर वाढतात. इथल्या कीटकांना गुलमोहराच्या पानांचा तसा काय उपयोग? उभी झाडं सरसकट तोडा असं मी म्हणत नाही. पडलेल्याच्या जागी पुन्हा गुलमोहर नको, एवढंच.

मुरूमकर

"एवढंच" हे तुमचं. मूळ पोस्टमध्ये "सगळे काढा" आहे. चाळीस वर्षांच्या झाडाची सावली ताम्हणाचं रोप कधी देणार? २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आहे. ती चाळीस रोपं त्या गल्लीत कुठे मावणार? ती लागतात गावाबाहेर, आणि गल्ली तापते ती तापतेच.

दुसरा_मजला

देशी-परदेशी वाद तुम्ही घाला. आमच्यासमोरच्या गुलमोहराचा पार म्हणजे कबुतरांचा अड्डा आहे. विष्ठा, पिसं, वास. झाड गेलं तर कबुतरं जातील. मी तोडण्याच्या बाजूने.

वावळ

इथे मी मुरूमकरांच्या बाजूने. झाड गेल्याने एकही कबुतर कमी होणार नाही. कबुतर हा मुळात कड्याकपाऱ्यांचा पक्षी. तो घरटं करतो खिडकीच्या छज्जावर, एसीच्या युनिटमागे, डक्टमध्ये. गुलमोहरावर घरटी दिसतील ती कावळ्यांची. कबुतरं पारावर येतात कारण तिथे रोज सकाळी ज्वारी-बाजरी ओतली जाते. ती थांबवा.

दाणापाणी

म्हणजे आता दाणे टाकणारे गुन्हेगार? पक्ष्यांना दाणा-पाणी ही आपल्याकडची रीत आहे. शहरात शेत नाही, खळं नाही. एप्रिलच्या उन्हात चिमण्यांनी, कबुतरांनी खायचं काय? अचानक बंद केलं तर पिल्लं उपाशी मरतील, त्याचं पाप कुणाच्या माथी?

फुप्फुस

पापाचं बोलताय तर माणसांच्या फुप्फुसांचंही बोला. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. ही प्रथिनांची ॲलर्जी आहे, जंतुसंसर्ग नव्हे, म्हणून अँटिबायोटिकने जात नाही. कोरडा खोकला, जिना चढताना दम. वेळीच लक्षात आलं नाही तर फुप्फुसात व्रण धरतात आणि ते भरून येत नाहीत. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून एवढं रण माजलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, ते काय उगाच?

चिमण्यांचं नाव घेऊन कबुतरं पोसू नका. पारावर मूठभर नाही, किलोकिलोने धान्य पडतं आणि कबुतरांच्या थव्यात चिमणीला जागाच मिळत नाही. उरलेलं रात्री उंदीर खातात.

वावळ

आणि पिल्लं उपाशी मरण्याबद्दल. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. ती साधारण अठरा दिवसांत फुटतात आणि महिना-सव्वा महिन्यात पिल्लं उडतात. नर-मादी दोघेही पिल्लांना स्वतःच्या गळ्यातल्या पिशवीतलं दूध भरवतात, त्यामुळे किड्यांचा हंगाम असो-नसो, धान्य मिळत राहिलं की वर्षभर वीण चालू. दाणे टाकून भूक भागत नाही, थवा वाढतो. एकदम नको वाटत असेल तर दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करा. मोठी कबुतरं दूरवर उडून खाणं शोधतात.

दाणापाणी

टप्प्याटप्प्याने हे मान्य करते, तेही फक्त धान्याबाबत. पाण्याचं भांडं मी हलवणार नाही. आणि "पोसणारे" म्हणून अंगावर येणारी भाषा थांबवा.

फुप्फुस

भाषा मागे घेतो, मुद्दा नाही. भांडं ठेवा, पण रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतील.

दुसरा_मजला

मग आत्ता छज्जावर जे साठलंय त्याचं काय? झाडूवाला कोरडंच झाडतो.

फुप्फुस

कोरडं कधीच झाडायचं नाही. घरातल्या खिडक्या बंद करा, पंखे बंद करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. फवाऱ्याने थर पूर्ण भिजवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग खरवडून दुहेरी पिशवीत भरा. जोरदार पाइप मारू नका, तुषार उडतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याने तिथे थांबूच नये.

जाळी लावताना ५० मिलिमीटरचं भोक चालतं, उन्हाला टिकणारं नायलॉन घ्या आणि दर फुटाला हूक मारा. बहुतेक जाळ्या फसतात त्या एसीच्या युनिटखाली राहिलेल्या वीतभर फटीमुळे. आत अंडी-पिल्लं आहेत का ते आधी बघा. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, नाहीतर आत कोंडून मरतात.

मुरूमकर

धागा झाडाचा होता, पण कबुतरांच्या निमित्ताने पार आला ते बरं झालं, कारण झाडालाही मारतोय तो पारच. बुंध्याभोवती दोन फूट वीटकाम करून आत माती भरली की बुंध्याची साल कायम ओली राहते आणि मुळाच्या गळ्याशी कुजते. पार काढला तर दाणे ओतायची जागाही जाते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर मोकळं ठेवायला सांगितलं. तेच माप धरा. ब्रेकर मशीन लावू नका, छिन्नी-हातोड्याने फोडा. तीन-चार इंचांखाली खणू नका, बारीक मुळं तिथेच असतात. मोकळ्या जागेत दोन इंच कंपोस्ट आणि वर पालापाचोळा, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. जुनं लोखंडी ट्री-गार्ड सालीत रुतलं असेल तर कापून काढा, ओढू नका.

वावळ

छाटणीचंही लिहा. माथा सपाट उडवला की तिथून सरळसोट धुमारे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच पडतात.

मुरूमकर

बरोबर. वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. एका वेळी पाव माथ्याहून जास्त नाही. मोठी फांदी तीन कापांत: आधी फूटभर बाहेर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याबाहेर. फुगवटा कापला तर जखम मिटत नाही.

आणि झाड खरंच धोक्यात आहे का ते आधी तपासा. कलल्याच्या उलट बाजूला जमिनीला नवी भेग, पायाशी बुरशीची छत्री, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज. ही तिन्ही असतील तर तोडायचा अर्ज मीही करीन.

वावळ

भेग आणि छत्री एवढ्या दोनच असल्या तरी मी करीन, खाली शाळेच्या रिक्षा थांबतात. नव्या झाडाबाबत माझं मत तेच आहे. तारांखाली कांचन, फुटपाथला बहावा. ताम्हण राज्यपुष्प म्हणून सगळे लावतात, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड. पुण्याच्या मुरमात पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणार असाल तरच लावा. खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल आणि रोप सहा फुटांचं. दोन फुटांची रोपं पार्किंगवाले मोडतात.

मुरूमकर

नव्या झाडाबाबत हरकत नाही. उभ्या गुलमोहराबाबत आहे. त्या गल्लीत अजून दोन आहेत आणि दोघांच्याही बुंध्याला पेव्हर टेकलेत. आधी ते काढा, मग बोलू.