‘घरी बसवलेली मुलं’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

पाटीपेन्सिल:
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: होमस्कूलिंग हे हौशी आयांचं खूळ आहे, ही मुलं दिवसभर लोळत असतात, चार माणसांत त्यांना बोलता येत नाही, आणि आई ‘शिकवते’ म्हणजे व्हिडिओ लावून देते. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली. मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सहा वर्षं दोन मुलांना घरी शिकवते आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा. साडेआठला आम्ही टेबलाशी बसतो. गणित, भाषा, मोठ्याने वाचन, मग एक दिवस विज्ञान आणि एक दिवस इतिहास. अकरा वाजेपर्यंत पुस्तकी अभ्यास होऊन जातो. लोकांना इथेच धक्का बसतो, ‘एवढाच?’ म्हणतात. हो, एवढाच. हजेरी नाही, तास बदलणं नाही, पन्नास वह्या गोळा करणं नाही, मागच्या बाकावरच्याला गप्प बसवणं नाही. दोन मुलांना समोर बसवून अडीच तास काम केलं तर ते भरपूर होतं.

अवघड असतं ते अकरानंतरचं. रात्री नऊपर्यंत दहा तास उरतात आणि मला मधली सुट्टी नसते. फोनवर बोलायचं तर दोन प्रश्न दारात उभे. आजारी पडले तर बदली शिक्षिका नाही. ‘आज शाळेत काय झालं?’ हे विचारायचं सुखही नाही, कारण जे झालं ते माझ्यासमोरच झालेलं असतं.

परवाचंच सांगते. मुलगी भागाकार करत होती. भाजक ७ आणि बाकी उरवली ९. मी म्हटलं, बाकी भाजकापेक्षा मोठी कशी? ती म्हणाली, ‘उरली तर मी काय करू?’ मी तेच पुन्हा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून. तिने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिले. बाहेर आले तर तिने शिवणाच्या डब्यातली बटणं जमिनीवर ओतली होती आणि सात-सातचे ढीग करत बसली होती. नऊ उरलेल्या बटणांतून आणखी एक ढीग झाला, दोन उरली. ‘अगं, म्हणजे अजून एक ढीग होत होता!’ मी काहीच शिकवलं नव्हतं. मी फक्त घंटा वाजवून तो तास संपवला नव्हता.

मुलाचं वेगळं. त्याला ‘सव्वीस’ सांगितलं की अजूनही कधीकधी ६२ लिहितो. पण वाचतो झपाझप.

आता सांगा, यात लोळणं कुठे आलं?

खडूवाल्या बाई:
ताई, मी बावीस वर्षं प्राथमिकला शिकवते आहे. तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण तुमच्या सगळ्या लिखाणात एक माणूस कुठेच नाही: तुमच्याशिवाय मुलांकडे बघणारं दुसरं कोणी.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावरून फळ्यावरचं बरोबर उतरवायची. जागा बदलली आणि चौथ्या बाकावर गेली, तर शेजारणीच्या वहीतून उतरवू लागली. आठवडाभरात मला संशय आला. चष्म्याचा नंबर बराच निघाला. आईवडील चांगले होते, काळजी घेणारे होते, पण घरात ती सगळं जवळूनच बघायची, मग त्यांना कळणार कसं? शाळा म्हणजे नुसता अभ्यासक्रम नव्हे हो, तिथे दुसरे डोळे असतात. आणि ज्या घरात मुलाला मारहाण होते, तिथे तर तेवढाच एक झरोका असतो. जर्मनीत घरी शिकवायला परवानगीच नाही, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही तिथल्या एका कुटुंबाच्या विरोधात निकाल दिला. ते लोक काय वेडे आहेत?

दशमान:
मूळ विषय बाजूला ठेवून विचारतो, कारण हे माझं जुनं दुखणं आहे. तुमचा मुलगा सव्वीसचे ६२ लिहितो ही त्याची चूक नाही. भाषेची आहे! आपण आधी सहा उच्चारतो, मग वीस. कान ‘सहा’ ऐकतो आणि हात ६ लिहून मोकळा होतो. चिनी भाषेत अकराला सरळ ‘दहा-एक’ म्हणतात. आपल्याकडे मूल शंभर वेगवेगळे शब्द पाठ करत बसतं. यावर कोणी बोलतच नाही.

पाटीपेन्सिल:
बाई, तुम्ही जर्मनी सांगितलीत, मग इंग्लंडही सांगा. तिथल्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण देणं ही पालकांची जबाबदारी म्हटली आहे. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत हे कायदेशीर आहे. तिथले सगळे बेजबाबदार का? एखाद्या देशात बंदी आहे म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही.

आणि मारहाणीचा मुद्दा माझ्या धाग्यावर कशाला? मी काय लिहिलं आणि तुम्ही कुठे नेलंत! शाळेत जाणाऱ्या मुलांना घरी मार बसत नाही का?

रात्रपाळी:
आम्हीही केलंय ना होमस्कूलिंग, २०२० मध्ये. दीड वर्ष. बायकोचा आणि माझा आवाज बसला. परत कोणी नाव काढलं तर हात जोडीन.

पाटीपेन्सिल:
रात्रपाळी दादा, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. २०२० मध्ये जगभर सुमारे १६० कोटी मुलांच्या शाळा बंद झाल्या, आणि तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं आपण हे करून पाहिलं. तुम्ही पडद्यावरून शाळा चालवत होतात. वेळापत्रक शाळेचं, गृहपाठ शाळेचा, ओरडा शाळेचा, आणि हमाली तुमची. त्यात घराबाहेर पडायची बंदी. आम्ही आठवड्यातले तीन दिवस बाहेर असतो: वाचनालय, पोहणं, दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर प्रयोग. ते दिवस आणि हे दिवस एका तराजूत घालू नका.

रात्रपाळी:
बरं, हे मान्य. पण एक विचारू? ‘आम्ही’ म्हणजे कोण? तुमच्या लिखाणात मुलांचा बाप कुठे आहे? नोकरी कोणी सोडली? माझ्या ओळखीत तीन घरं आहेत, तिन्हीत आईनेच सोडली. माझ्या धाकट्या बहिणीने तर चांगली प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. आता मुलगा पंधराचा झाला, त्याला आईची गरज उरली नाही, आणि हिला कोणी कामावर घेत नाही. रात्री मला फोन करून रडते. मुलांचं भलं झालं, पण तिचं काय? हे तुम्ही लोक कधी लिहीत नाही.

पाटीपेन्सिल:
नोकरी मीच सोडली. होय. बाप संध्याकाळी सातनंतर असतो आणि रविवारचं विज्ञान तो घेतो. तुमच्या बहिणीबद्दल वाचून बरं वाटलं नाही. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्याचं सोंग मी आणणार नाही.

गणकयंत्र:
दशमान यांना: संख्यावाचन बदलायचं खूळ नको. आमच्या पिढीने एकोणतीस-एकोणचाळीस म्हणतच गणित केलं, कोणाचं अडलं? आजकाल पाढे पाठ नाहीत हे खरं दुखणं आहे. होमस्कूलवाले तर म्हणणार, ‘मूल आपोआप शिकेल, बटणं मांडेल.’ बटणं मांडून सत्रा नव्वे करणार का?

दशमान:
‘कोणाचं अडलं’ म्हणता? ज्यांचं अडलं ते गणित सोडून गेले, ते इथे सांगायला येणार नाहीत. आणि नियम तरी धड आहे का? एकोणीस, एकोणतीस, पार एकोणनव्वदपर्यंत ‘एक कमी’ म्हणत जायचं आणि नव्याण्णवला अचानक नियम मोडायचा. मूल विचारतं ‘एकोणशंभर का नाही?’ आणि आपण त्याला गप्प करतो.

बदल होतो, साहेब. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच आधी एकक, मग दशक म्हणायचे. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे व्हायला लागले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांच्या संसदेने ठरवून दशक आधी आणलं.

गणकयंत्र:
आणि तिथली माणसं अजूनही जुन्या पद्धतीने बोलताना सापडतात, हे का नाही सांगितलंत? संसदेच्या ठरावाने जीभ बदलत नाही. जर्मन अजून ‘एक-आणि-वीस’ म्हणतात. जर्मनांना गणित येत नाही का?

दशमान:
जर्मन मुलंही आकडे उलटे लिहितात! तिथल्या शिक्षकांचीही हीच तक्रार आहे. तुम्हाला मुलाचा त्रास दिसत नाही, फक्त ‘आमच्या वेळी’ दिसतं.

गणकयंत्र:
आमच्या वेळी मुलं तोंडी हिशोब करत होती. आता बेरजेला फोन काढतात. मी एवढंच म्हणतो की पाढ्यांना पर्याय नाही.

दशमान:
पाढ्यांना मी कधी नाही म्हटलं? पाठ हवेतच. आधी संख्या समजू दे, मग पाठ कर, एवढंच म्हणतोय. तुम्ही दुसऱ्याशीच भांडताय.

खडूवाल्या बाई:
दोघांनाही सांगते, मी वर्गात साधी गोष्ट करते. दोन खोकी काढायची, दशकाचं आणि एककाचं. सव्वीस ऐकलं की हात आधी उजव्या खोक्यात ६ लिहितो, मग डाव्यात २. भाषा उजवीकडून बोलते तर लिहायलाही उजवीकडून सुरुवात करू द्यायची. महिनाभराने खोकी पुसायची. ताई, तुमच्या मुलासाठी करून बघा.

घरचा विद्यार्थी:
मी आजवर फक्त वाचत आलो. आज लिहितो, कारण इथे सगळे पालक आणि शिक्षक आहेत. मी तो मुलगा आहे. नऊ ते सोळा घरी शिकलो. आता एकतीसचा आहे.

आधी चांगलं सांगतो. मला कंटाळा आला की मी पुस्तक उघडतो, कोणी सांगावं लागत नाही. वयाने मोठ्या माणसांशी मी लहानपणापासून नीट बोलतो. ‘चार माणसांत बोलता येत नाही’ हे माझ्या बाबतीत साफ खोटं आहे.

पण एक गोष्ट मला तिशीत समजली. सात वर्षं माझं उत्तर चुकलं हे मला एकाच माणसाने सांगितलं, आणि ती माझी आई होती. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं. माझ्या बाई आणि आई एकच होत्या. गणित चुकलं की मला वाटायचं, आई आपल्यावर नाराज आहे. आजही साहेबांनी माझा अहवाल लाल करून परत दिला की पोटात तोच गोळा येतो. आईने कधी हात उगारला नाही, प्रेमानेच शिकवलं. तरी हे झालं.

तुम्ही नळ सोडून उभ्या राहिलात ते वाचलं. माझी आई गॅलरीत जायची. आत मी काय विचार करत असे, ते मला अजून आठवतं.

गणकयंत्र:
शाळेत तरी काय वेगळं होतं? आमचे मास्तर हातावर छड्या मारायचे. त्याचे वळ धरून कोणी तिशीत रडत बसलं नाही.

रात्रपाळी:
गणकयंत्र साहेब, आवरा जरा. त्याने मनातलं लिहिलं आहे आणि तुम्ही छड्या मोजताय. काहीतरी लाज बाळगा.

पाटीपेन्सिल:
घरचा विद्यार्थी, तुमचं लिखाण तीन वेळा वाचलं. ‘माझ्या मुलीचं तसं नाही’ असं लगेच लिहायला घेतलं आणि पुसलं. मला ते माहीत नाही. आज संध्याकाळी तिला विचारलं, ‘मी न्हाणीघरात गेले तेव्हा तुला काय वाटलं?’ ती म्हणाली, ‘तू चिडलीस म्हणून मी बटणं काढली.’ मी इथे लिहिलं होतं की तिला स्वतःहून सुचलं. तिला ते मला खूश करायला सुचलं होतं.

एवढ्यावरून मी तिला शाळेत घालणार नाही. पण भागाकार आता बाप शिकवेल आणि तपासायला दुसऱ्या घरातल्या ताई. वह्यांची अदलाबदल आम्ही त्यांच्याबरोबर या आठवड्यापासून करतो आहोत.

आणि बाई, काल तुमच्यावर चिडले. अजूनही मारहाणीचा मुद्दा मला इथे नको होता. पण डोळ्यांचा मुद्दा… मुलगा ‘झपाझप वाचतो’ असं मी लिहिलं होतं. तुमचं वाचल्यावर सहज त्याचं रोजचं पुस्तक मध्येच उलटं धरलं आणि म्हटलं, पुढचं वाच. तो तसाच झपाझप वाचत गेला. त्याला पाठ होतं. मी इतके महिने रोज शेजारी बसून ऐकते आहे.

खडूवाल्या बाई:
घाबरू नका. आठव्या वर्षी असं खूप मुलांचं होतं, माझ्या वर्गातही होतं, आणि पन्नास मुलांत मलाही ते उशिरा कळतं. तुम्हाला आज कळलं. शाळेत असता तर कदाचित दिवाळीपर्यंत कळलं नसतं, हे मला लिहावं लागतंय.

त्याने कधीच न पाहिलेला मजकूर हवा. चित्र नको, गोष्ट ओळखीची नको. दहा-बारा ओळींचे तीन उतारे माझ्याकडे तयार आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत. उद्या संध्याकाळी पाठवते. तो कुठे अडखळतो, जोडाक्षरांवर की ओळ सुटते, ते टिपून ठेवा. ओळ सुटत असेल तर आधी डोळे तपासा.

आणि वाचताना तुम्ही खोलीत थांबायचं नाही. त्याच्या बाबांना बसवा.

पाटीपेन्सिल:
पाठवा. मी बाहेर थांबते.

दशमान:
बाई, ती दोन खोक्यांची युक्ती माझ्या पुतणीला करायला लावली. सत्तेचाळीस पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. त्रेसष्टला मात्र पुन्हा ३६. तिला अजून किती दिवस खोकी ठेवू?