दूरच्या सहकाऱ्यांशी आणि ग्राहकांशी व्हिडिओ कॉल : तुमचे अनुभव

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर ज्यांनी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर कामकाज सुरू केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या कामाचा तो आता नेहमीचा भाग झाला आहे. कोणते ॲप चांगले, याची चर्चा पुष्कळ झाली. येथे हवे आहेत ते कामाचे अनुभव. समोरचा माणूस दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशात असताना कॉलमधून निर्णय हाती लागावा म्हणून आपण नेमके काय करता, आणि त्याचा उपयोग का होतो, हे सविस्तर लिहावे. कंपनीचे किंवा ग्राहकाचे नाव देऊ नये.

प्रकल्प प्रमुख, सॉफ्टवेअर, पुणे

आमचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि काही लंडनमध्ये आहेत. भारतातील घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिकेतील घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केले जाते, तर युरोपातील घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्यामुळे मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा तिन्ही ठिकाणांचे नेहमीचे गणित जुळत नाही. यावर आम्ही ठरवलेला उपाय असा, की कॅलेंडरमधील निमंत्रण नेहमी ग्राहकाच्या वेळेनुसार तयार करायचे आणि निरोपात सर्व ठिकाणच्या वेळा अक्षरी लिहायच्या. न्यू जर्सीतील सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा, ही वेळ दोन्हीकडच्यांना मानवते. रात्री दहाचा कॉल लावायचाच असेल, तर पुढच्या खेपेस ग्राहकाने पहाटे लवकर यावे, असे आम्ही नम्रपणे पण स्पष्टपणे सांगतो. जागरणाचा भार कायम एकाच बाजूने उचलला, तर त्या बाजूची माणसे हळूहळू बोलेनाशी होतात.

दुसरी गोष्ट विषयपत्रिकेची. ‘पेमेंट मॉड्यूलवर चर्चा’ असा मुद्दा लिहिला, की तासभर केवळ माहिती सांगितली जाते. ‘पेमेंट मॉड्यूल या महिन्याच्या रिलीजमध्ये घ्यायचे की पुढच्या?’ असा प्रश्न आदल्या दिवशी पाठवला, तर ग्राहक आपल्या वरिष्ठांशी बोलून, उत्तर ठरवूनच कॉलवर येतो. ज्या मुद्द्याचा असा प्रश्न करता येत नाही, तो मुद्दा ईमेलने कळवावा. त्यासाठी माणसे गोळा करू नयेत.

द्राक्ष निर्यातदार, निफाड

वरील अनुभव कार्यालयातील आहे. आमचा कॉल पॅकहाऊसमधून, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या जागेतून होतो. जानेवारी ते एप्रिल या हंगामात नेदरलँड्समधील खरेदीदाराला माल भरण्यापूर्वी घड प्रत्यक्ष पाहायचे असतात, आणि दर वेळी त्याला येथे येणे शक्य नसते. अशा कॉलमध्ये बोलण्यापेक्षा दाखवण्याचे काम जास्त असते, आणि दाखवण्याचीही एक रीत आहे.

घडाशेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा. पॅकहाऊसमधील दिव्यांच्या उजेडात फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो आणि हिरवा मणी पिवळसर दिसू लागतो. युरोपातील बरेच खरेदीदार नेमका हिरवा रंगच मागतात. शेजारी कागद असला, की उजेडाने किती फरक पडला आहे हे समोरच्याला स्वतःच ताडता येते. मण्याचा आकार तोंडी सांगू नये, व्हर्निअर कॅलिपरमध्ये मणी धरून आकडा कॅमेऱ्यापुढे आणावा. गोडीसाठी आकडा दाखवणारा डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर वापरावा, कारण डोळा लावून पाहायच्या जुन्या उपकरणातील ब्रिक्स (गोडीचा आकडा) फक्त आपल्यालाच दिसतो आणि खरेदीदाराला आपल्या शब्दावर विसंबावे लागते.

फोन भराभर फिरवू नये. डेटा कमी लागावा म्हणून कॉलमध्ये चित्राचा मुख्यतः बदललेला भागच पाठवला जातो. फोन फिरला, की सगळेच बदलते आणि घडाचा तपशील पुसट होतो. प्रत्येक पनेटवर (द्राक्षांच्या छोट्या डब्यावर) तीन-चार सेकंद हात स्थिर ठेवला, की देठाचा ताजेपणाही ओळखू येतो. शीतगृहातून कॉल करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण धातूच्या पॅनेलच्या भिंतींमध्ये सिग्नल टिकत नाही, आणि थंड पेटी बाहेर आणली तर मण्यांवर दव धरून डाग झाकले जातात. प्री-कूलिंगला, म्हणजे माल थंड करायला जाण्यापूर्वीची पेटी दाखवावी, आणि कोणती उघडायची ते खरेदीदाराला निवडू द्यावे. आम्ही निवडलेल्या पेटीपेक्षा त्याने बोट दाखवलेल्या पेटीवर त्याचा विश्वास बसतो, आणि ते रास्तच आहे.

घरून काम करणारी डिझायनर, सावंतवाडी

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाणे ठरलेले आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटर आणि फायबरची डबी बंद पडते. त्यामुळे या दोहोंसाठी छोटा वेगळा यूपीएस घेणे हा सर्वांत उपयोगी खर्च ठरला. नेट मंदावले, तर सर्वप्रथम स्वतःचे चित्र बंद करावे, कारण आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडी बँडविड्थ लागते. चित्र अडखळले तरी लोक थांबतात. आवाज तुटला, की माणसे मनाने कॉलमधून निघून जातात.

आणखी एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम ऐकू येतात, पण त्याचाच माइक सुरू केला, की तो बहुतेक वेळा कॉलसाठीच्या वेगळ्या पद्धतीवर जातो आणि दोन्हीकडचा आवाज बसका होतो. ग्राहकाशी बोलताना मी साधा वायरचा हेडफोन वापरते.

यंत्रनिर्मिती क्षेत्रातील अभियंता, म्युनिक

आवाजाबद्दल अगदी सहमत आहे. त्यात भर अशी, की अंतर लांब असेल तर आवाज स्वच्छ असूनही उशिरा पोहोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे, की आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. त्याहून उशीर झाला, की दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरू करतात. यात उद्धटपणा कोणाचाही नसतो, पण गैरसमज मात्र होतो. म्हणून प्रश्नाच्या शेवटी नव्हे तर आधी नाव घ्यावे, म्हणजे त्या व्यक्तीला लक्ष द्यायला आणि माइक सुरू करायला अवधी मिळतो. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, तर तिला लगेच होकार समजू नये. मनात पाचपर्यंत मोजावे. पुण्यातील माझे तरुण सहकारी बहुधा याच वेळात धीर एकवटून खरी अडचण सांगतात.

श्रवणयंत्र वापरणारी लेखापाल, मुंबई

आधीचे मुद्दे माझ्यासाठी केवळ सोयीचे नाहीत, तर अत्यावश्यक आहेत. मी ओठांच्या हालचालींवर बरेच अवलंबून असते. खिडकीला पाठ करून बसलेल्या व्यक्तीचा चेहरा काळा दिसतो आणि तिचे निम्मे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचत नाही. तिने खिडकीकडे तोंड केले, तरी पुरे होते. एका वेळी एकानेच बोलावे आणि कॅप्शन (बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय) सुरू ठेवावेत. आकडे आणि विशेषनामे कॅप्शनमध्ये हमखास चुकतात, म्हणून रकमा चॅटमध्ये लिहाव्यात. याचा लाभ उत्तम ऐकू येणाऱ्यांनाही होताना मी पाहिला आहे.

प्रशिक्षक, नागपूर

कॅमेरा सर्वांनी सतत सुरू ठेवावा, या आग्रहाला माझा विरोध आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत जवळून रोखलेल्या नजरा आणि स्वतःचाच चेहरा सतत दिसत राहणे यांचा समावेश आहे. ओळख होईपर्यंत आणि निर्णयाच्या वेळी चेहरा दिसावा. एरवी सूट द्यावी. मुंबईच्या ताईंसारखे कोणी कॉलवर असेल, तेव्हा बोलणाऱ्याने कॅमेरा सुरू करावा, हे ओघानेच आले.

फाउंड्री व्यावसायिक, कोल्हापूर

आमच्या बैठकीत पाच जण कारखान्यात एका टेबलाभोवती बसतात आणि ग्राहकाचा गुणवत्ता अभियंता एकटा पडद्यावर असतो. पाच जण आपसांत मराठीत बोलू लागले, की तो बाजूला पडतो. त्यामुळे टेबलावरील प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून कॉलमध्ये यावे, असा नियम आम्ही केला. माइक आणि स्पीकर मात्र खोलीत एकच सुरू ठेवावा लागतो, नाहीतर आवाज घुमून कानठळ्या बसतात.

कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला बलून क्रमांक, म्हणजे वर्तुळात लिहिलेला क्रमांक दिलेला असतो. ‘वरच्या बाजूचे ते भोक’ असे कोणी म्हटले, तर मी थांबवतो आणि ‘बलून चौदा’ असे म्हणायला लावतो. ड्रॉइंग पडद्यावर दाखवताना पूर्ण पान न दाखवता तेवढाच भाग मोठा करतो, कारण समोरचा कदाचित फोनवर पाहत असतो. शेवटची दहा मिनिटे राखीव असतात. त्या वेळात ठरलेल्या गोष्टी सर्वांना दिसतील अशा रीतीने पडद्यावर टाइप होतात : काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत. ग्राहक तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवतो आणि तेच पान कॉल संपताच ईमेलने जाते. पुढच्या कॉलची सुरुवात त्याच पानाने होते, आणि ज्या ओळीपुढे अजून कोणाचे नाव लागलेले नाही, ती आधी घेतली जाते.