लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला फ्यूजन रेस्टॉरंट: जावे की न जावे?

उंबरठा (प्रश्न)

पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त आम्ही भावंडांनी त्यांना बाहेर जेवायला नेण्याचे ठरवले आहे. बाबांच्या मनात एक फ्यूजन रेस्टॉरंट भरले आहे. तेथे जपानी आणि पेरूच्या स्वयंपाकपद्धतींचा मेळ घातला जातो. तेथील नऊ पदार्थांचा टेस्टिंग मेनू विशेष गाजतो आणि त्यात काय वाढायचे हे सर्वस्वी शेफ ठरवतात. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र मेनूकार्ड पाहून हवे ते मागवता येते.

अडचण आहे ती जेवणाऱ्यांची. बाबा नव्या चवीसाठी कधीही तयार असतात. आई शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि एखादी गोष्ट आवडली नाही तर ती तसे बोलूनही दाखवत नाही. 'छान आहे हो' म्हणत दोन घास खाते आणि उरलेले हळूच बाबांच्या ताटलीत सरकवते. वहिनीला सहावा महिना आहे आणि भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. असले प्रयोग एरवी करावेत, मोठ्या प्रसंगी ओळखीच्या जागीच जावे, असे दादाचे म्हणणे आहे. अशा पंगतीला घेऊन तेथे जाणे शहाणपणाचे ठरेल का, आणि गेलोच तर आधी काय काय विचारून घ्यावे?

मुदपाक

जपान आणि पेरू यांचा मेळ हा कोणा शेफला परवा सुचलेला चमत्कार नाही, एवढे दादांच्या कानावर अवश्य घालावे. १८९९ साली ‘साकुरा मारू’ या जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूला पोहोचले आणि प्रामुख्याने उसाच्या मळ्यांवर कामाला लागले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिथला मासा, लिंबू आणि मिरची यांना आपली सुरी आणि आपला सोया सॉस लावला आणि त्यातून जी पाकशैली घडली ती निक्केई म्हणून ओळखली जाते. नोबू मात्सुहिसा हे जपानी शेफ १९७३ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे गेले, तेथे जे शिकले ते घेऊन पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत बेव्हर्ली हिल्स येथे त्यांनी स्वतःचे रेस्टॉरंट काढले आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कला ‘नोबू’ सुरू झाले. जगाला ही चव कळली ती बरीचशी त्यांच्यामुळे. मित्सुहारू त्सुमुरा यांचे लिमामधील ‘माइदो’ २०२५ साली जगातील सर्वोत्कृष्ट पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले आले. तेव्हा बाबांची निवड पोरकट नाही.

तरीही त्यांचे रेस्टॉरंट चांगले आहे की नुसतेच धाडसी आहे, हे मेनूकार्ड वाचूनच ताडावे लागेल. माझा ठोकताळा असा आहे की चांगल्या मेळात एक स्वयंपाकपद्धती यजमान असते आणि दुसरी पाहुणी. दोघीही यजमानीणबाई होऊ लागल्या की पंगत विस्कटते. तिरादितो या पदार्थाचे उदाहरण घ्या. मासा साशिमीसारखा (जपानी पद्धतीचे कच्च्या माशाचे पातळ काप) लांबट, जवळजवळ पारदर्शक कापलेला असतो, काप ताटलीत एकाला एक लागून मांडलेले असतात आणि वाढण्याच्या अगदी आधी त्यांवर लिंबाचा रस आणि पिवळ्या अही मिरचीचा सॉस ओततात. पहिला काप उचलेपर्यंत त्याच्या कडा पांढुरक्या होऊ लागलेल्या असतात. काप जपानी, रस पेरूचा आणि तिसरे काही नाही. याउलट एकाच पदार्थाच्या वर्णनात चार देश, दोन प्रकारचे फेस आणि वरून ट्रफलचे तेल दिसले, तर मी ते पान उलटते.

आईंसाठी हे ठिकाण वाटते तितके गैरसोयीचे नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट हे चवीचे द्रव्य वेगळे काढून उमामी या खमंग, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीचा शोध लावला. कोंबूचे ग्लुटामेट आणि वाळवलेल्या शिताके अळंबीतले ग्वानिलेट हे तसेच दुसरे द्रव्य एकत्र आले की दोन्हींची चव बेरजेपेक्षा कितीतरी अधिक खुलते, म्हणून मासा न घालताही खोल चवीचा रस्सा करता येतो. प्रश्न एवढाच की ते स्वयंपाकघर तो करते का.

कडूगोड

वरील प्रतिसादातील इतिहास मान्य, पण मी दादांच्या बाजूने आहे, निदान टेस्टिंग मेनूपुरता तरी. नऊ पदार्थांच्या जेवणाला तीन तास सहज लागतात. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट वाढली जाते, टेबलावरचे कोणी उठून गेले की पुढचा पदार्थ अडकून राहतो, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी येऊन ताटलीत काय आहे ते नम्रपणे समजावून सांगतो. बाबा चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा किस्सा रंगात येऊन सांगत असतील आणि नेमक्या शेवटच्या वाक्याला वेटर कोळशावर भाजलेल्या ऑक्टोपसची माहिती देऊ लागेल. अशी संध्याकाळ जेवणाच्या मालकीची असते आणि ज्यांचा वाढदिवस आहे ते तिचे पाहुणे होतात. दोघे-तिघे चवीचे शौकीन असतील तर त्यात गंमत आहे. सहाव्या महिन्याची गर्भवती, एक मूल आणि न बोलता ताटली सरकवणारी आई असलेल्या कुटुंबाला तो तुरुंग वाटू शकेल.

शिवाय आश्चर्याचा धक्का सगळ्यांनाच आवडतो असे नाही. एका फ्यूजन ठिकाणी शेवटच्या गोड पदार्थावर सिचुआन मिरी भुरभुरलेली होती आणि वाढणाऱ्याने ते सांगितले नव्हते. या मिरीने ओठ झिणझिणतात. २०१३ साली लंडनमधील संशोधकांनी ही थरथर मोजली तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० वेळा होते असे आढळले. माहिती असेल तर मजा आहे, पण ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ओठांची तीच झिणझिण काय वाटेल याचा विचार करा.

माझा सल्ला असा की मधल्या वारी जावे, मेनूकार्डावरून पाच-सहा पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खावेत आणि टेस्टिंग मेनूसाठी बाबांना तुमच्यापैकी एकाने नंतर कधीतरी वेगळे न्यावे. दादाही याला नाही म्हणणार नाहीत.

हिशेबनीस

जावे की न जावे हे तुम्ही ठरवाल. मी फक्त फोनवर काय विचारायचे तेवढे सांगतो, कारण अशा ठिकाणी मेनूकार्डावर न दिसणाऱ्या गोष्टीच अधिक त्रास देतात.

आईंसाठी ‘शाकाहारी पदार्थ आहेत का’ एवढेच विचारून भागणार नाही, कारण वांग्यावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) लावलेला पदार्थ पाहून कोणीही हो म्हणेल, परंतु तो मिसो सैल करायला वापरलेल्या दाशी या रश्श्यात बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचे तुकडे उकळलेले असतात. म्हणून दाशी कशाची आहे, सॉसमध्ये फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आहे का, मेयोनेजमध्ये अंडे आहे का आणि गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. उत्तर वेटरकडून नव्हे, स्वयंपाकघरातून यायला हवे.

भाच्याच्या बाबतीत अधिक कडक राहावे. शेंगदाण्याचे मूळच दक्षिण अमेरिकेतले आहे आणि पेरूच्या स्वयंपाकात तो दाटपणासाठी सर्रास वाटून घालतात. ओकोपा नावाच्या सॉसमध्ये तो असतो आणि दिसत मात्र नाही. पदार्थात शेंगदाणा नाही एवढे आश्वासन पुरेसे नाही, तळणाचे तेल, मिक्सर आणि चमचे वेगळे ठेवले जातात का हेही विचारावे. युरोपीय संघात शेंगदाण्यासह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे, परंतु कायदा कोणताही असो, चांगले स्वयंपाकघर ही यादी हाताशी ठेवतेच. फोनवर उत्तर देताना कोणी चाचरला, तर त्या मुलाला तेथे नेऊ नये. त्याचे औषध जवळ असू द्यावे, हे सांगण्याची गरज नसावी.

वहिनींच्या बाबतीत एक गैरसमज हमखास आढळतो. लिंबाच्या रसात मुरवलेला मासा पांढरा आणि घट्ट दिसतो, म्हणून तो ‘शिजला’ असे म्हटले जाते. आम्लाने प्रथिनांची रचना बदलते हे खरे, पण उष्णतेप्रमाणे जंतू आणि कृमी मरण्याची खात्री त्यात नसते. उणे २० अंशांवर पुरेसा काळ गोठवल्याने कृमी मरतात, लिस्टेरियासारखे जिवाणू मात्र तगून राहतात. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन गर्भवतींना कच्चा मासा टाळायला सांगते, म्हणून सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा), तिरादितो आणि कच्च्या माशाची सुशी हे तिन्ही त्यांच्यासाठी वगळावेत. पूर्ण भाजलेला वा तळलेला मासा चालेल, मात्र शार्क आणि तलवार मासा यांत पारा अधिक असल्याने ते नकोत. पिस्को सावर या पेयात दारूबरोबर अंड्याचा कच्चा पांढरा भागही असतो. मद्यविरहित प्रकार मागवला तरी अंडे आहे का ते विचारावे.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. आज फोन केला आणि शेफशी थेट बोलणे झाले. तीन दिवस आधी कळवल्यास कोंबू आणि शिताकेची दाशी वेगळी करून देऊ, असे त्यांनी आपणहून सांगितले. शेंगदाणा एका सॉसमध्ये आहे, तो त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर येणार नाही आणि भाच्याचे तळण वेगळ्या कढईत होईल. मधल्या वारचे टेबल राखून ठेवले आहे. दादा अजून पूर्ण राजी नाही, पण टेस्टिंग मेनू रद्द झाल्याचे ऐकून त्याचा आवाज खाली आला. आईसाठी नेमके काय मागवावे, एवढे कोणी सांगू शकेल का?

मुदपाक

काउसा मागवावा. कुस्करलेल्या बटाट्यात लिंबू आणि पिवळी मिरची घालून त्याचे थर लावलेले असतात आणि तो गार खातात. मधल्या थरात ट्यूना किंवा कोंबडीऐवजी ॲव्होकाडो भरायला सांगा आणि मेयोनेज वगळायला लावा. सोबत मिसो लावून भाजलेले वांगे, अर्थात त्यांच्या त्या नव्या दाशीतले. दोन्हींची चव पहिल्या घासातच ओळखीची वाटते, त्यामुळे निदान या दोन ताटल्या तरी बाबांकडे सरकणार नाहीत.

कडूगोड

स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचे टेबल मागून घ्या. बिलाचे पैसेही आधीच भरून ठेवा, नाहीतर ऐन वेळी बाबा पाकीट काढतील आणि पुढची पंधरा मिनिटे त्यातच जातील.