स्टार्टर मारायच्या आधी

जुनी, बंद पडलेली गाडी पुन्हा चालती करताना आधी इंजिन की आधी रंग, हा वाद रंगलाय खरा. माझ्या मते दोन्ही थांबू द्या. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी थेट स्टार्टर मारून बघायचा मोह आवरा. जाम इंजिनाच्या पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) या घाईतच तुटतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल टाका, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँकशाफ्ट (पिस्टनना जोडलेला इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पान्याने, हातानेच, हळूहळू पुढेमागे हलवा. टाकीतलं चिकट झालेलं जुनं पेट्रोल काढाच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्या बदला. आणि हो, ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका! जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिज, असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.