शोमरोनच्या आधी तिरसा
बायबलमधल्या इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी पहिल्यापासून शोमरोनच (समारिया) होती, असं म्हटलं जातं. ते शेवटच्या दीडशे वर्षांपुरतंच खरं. या राज्याचा पहिला राजा यराबाम आधी शखेमला बसला, मग पनुएल, मग तिरसा. शोमरोनची टेकडी नंतरच्या अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी मोजून विकत घेतली, ती इ.स.पू. ९व्या शतकात. त्याआधी सहा वर्षं त्याने तिरसातूनच राज्य केलं. दक्षिणेत दावीद राजानेही आधी हेब्रोनला साडेसात वर्षं काढली, मग यरुशलेम.

तिरसा म्हणजे वेस्ट बँकमधल्या नाब्लुस शहराच्या ईशान्येचं तल अल-फारा हे टेकाड, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ रोलां द व्हो यांनी तिथे १९४६ ते १९६० खोदकाम केलं आणि त्यांना एक मोठी इमारत अर्धवट सोडलेली सापडली. अम्री राजधानी हलवून गेला म्हणून काम थांबलं, असा त्यांचा तर्क. जुळणी जरा जास्तच सोयीची वाटते मला, आणि पुढे तिच्यावर आक्षेपही आले.

शोमरोनचा पुरावा मात्र भक्कम आहे. १९१० साली तिथल्या राजवाड्याच्या आवारात शाईने लिहिलेल्या शंभरेक खापऱ्या मिळाल्या: कुठल्या वर्षी, कुठल्या गावाहून, कुणाच्या नावे जुन्या द्राक्षारसाचा किंवा तेलाचा बुधला आला याच्या नोंदी. इ.स.पू. ८व्या शतकातला दप्तरी हिशोबच म्हणा. राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा राजधानी चालायची कशी हे त्यातून जास्त कळतं.