खाण्याच्या विकारांवर पीएचडी म्हणजे पायावर धोंडा?

पेठकरीण:
पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय: कॉलेजच्या मुलींमधले खाण्याचे विकार, म्हणजे उपाशी राहणं, खाऊन उलट्या काढणं वगैरे. परवा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "हे श्रीमंतांचे चोचले. मधुमेहाला जोड, नाहीतर नोकरी विसर." फेलोशिप कागदावर महिना ४२ हजार, हातात कधी पडेल देव जाणे. तेही सोडा. मुलाखती ऐकून उतरवताना आठवडाभर माझ्याच घशाखाली घास उतरेना. हे विभागात सांगायचं कुणाला?

खवचट_काका:
प्राध्यापकांचं चुकलं कुठे? मी निवड समित्यांवर बसलोय. पहिला प्रश्न असतो, पेशंट किती पाहिले? तुला मिळणार किती? मुलीची पाळी थांबली की स्त्रीरोगतज्ज्ञ, उलट्या झाल्या की पोटाचे डॉक्टर. मानसोपचाराच्या ओपीडीपर्यंत पोचतंय कोण! आधी नैराश्यावर काम कर, नोकरी पक्की कर. हे मग.

साबुदाणा_नको:
असहमत. ते 'मग' कधी येत नाही, काका.
१९८९ साली किंग आणि भुग्रा या संशोधकांचा उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवरचा अभ्यास आला. ईट-२६ या खाण्याच्या विकारांचा धोका चाचपणाऱ्या प्रश्नावलीत २९ टक्के मुली कटऑफच्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या वर! मग लक्षात आलं, काही प्रश्नांचा अर्थच मुलींनी वेगळा घेतला होता. मी त्या प्रश्नावलीचं मराठी करत होते तेव्हा 'भूक लागली तरी मी खाणं टाळते' हे वाचून एक मुलगी म्हणाली, "ताई, चतुर्थी धरून की सोडून?" आता बोला.

खवचट_काका:
मुलगी हुशार. पण त्यावर घर चालत नाही. तुम्ही सध्या काय करता?

साबुदाणा_नको:
कंपनीत समुपदेशन. (हसा.) पीएचडीनंतर दोन वर्षं वाट पाहिली. विषय चुकला नव्हता, एकटी पडले. पेठकरीण, बाहेरचा सहमार्गदर्शक माग. दर पंधरवड्याला मुलाखतींबद्दल बोलायला कुणी क्लिनिशियन, म्हणजे स्वतः पेशंट पाहणारा तज्ज्ञ, हवाच, आणि हे एथिक्स कमिटीच्या (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या) अर्जात लिही. लेखी असलं की विभागाला हात झटकणं जड जातं.

तालुका_एक्स्प्रेस:
बाहेरचा? आमच्या कॉलेजात आतला गाइड मिळायला दीड वर्ष गेलं. पुण्या-मुंबईच्या गप्पा.

साबुदाणा_नको:
खरंय. पण ऑनलाइन चालतं, विचारून बघा.

पेठकरीण:
अर्जातली दुरुस्ती उद्याच टाकते. काका, मधुमेह न जोडताच येईन तुमच्या समितीपुढे.

खवचट_काका:
ये. पेशंट किती, ते विचारणारच.