आयर्लंडचा २०२० चा गेलिक फुटबॉल सीझन: एक हरली की घरी. आपल्या कबड्डीला हे ठेवावं का?

वाळव्याचा_रेडर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची दिवाळीनंतर कबड्डी असते, तालुक्यातनं टीम येतात, आणि यंदा पोरांच्यात वाद लागलाय की लीग ठेवायची का सरळ नॉकआऊट. मी सध्या यूट्यूबवर आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलच्या २०२० च्या मॅचेस बघतोय, त्या वर्षी तिकडं हरला की विषय संपला असं होतं आणि बघताना अंगावर काटा येतो राव. पण स्कोअर २-१४ असा का लिहितात ते कळंना. आणि एरवी हरलेल्याला परत चान्स असतो म्हणतात, मग त्या वर्षी का नव्हता? ज्यांना माहिती आहे त्यांनी नीट सांगा, कमिटीपुढं मुद्दा मांडायचाय.

मिरज_जंक्शन
स्कोअरचं सोपं आहे दादा, त्या वर्षीच्या नियमानं सांगतो. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा असतो, आडव्या दांडीच्या खाली जाळीत बॉल गेला की गोल, त्याचे ३, आणि दांडीवरनं दोन खांबांच्या मधनं गेला की १ पॉइंट. म्हणजे २-१४ ला २ गोल आणि १४ पॉइंट, टोटल २०. टीममध्ये १५ जण, आणि सगळे हौशी, आठवडाभर नोकरी शाळा शेती करून आपल्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, खेळणारे, पगार नाही.
नॉकआऊट म्हणाल तर जुनी पद्धत तीच होती, २००० पर्यंत तसंच चाललं, २००१ पासनं हरलेल्यांना मागच्या दारानं परत यायची सोय केली. २०२० ला कोविडमुळं सगळं लांबलं, हातात ऑक्टोबर एंड ते डिसेंबर एवढाच वेळ, म्हणून परत जुन्यावर आले.

कराडचा_कट्टा
भावा, ८ नोव्हेंबरची कॉर्क विरुद्ध केरी बघितली नसशील तर आज रात्रीच बघ. केरी म्हणजे सगळ्यात जास्त वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या आयर्लंडचा कप, जिंकलेली काउंटी, कॉर्क शेजारची. कॉर्कचं ग्राउंड, वरनं पाऊस, मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये आणि केरी एका पॉइंटनं पुढं. शेवटच्या क्षणाला कॉर्कच्या एकानं पॉइंटसाठी मारलेला बॉल कमी पडला, खाली आला, आणि मार्क कीन नावाच्या पोरानं गर्दीत तो पकडून जाळीत घातला. १-१२ विरुद्ध ०-१३. केरीचं वर्ष तिथंच संपलं. एरवी असती तर पुढच्या फेरीतनं परत आली असती आणि त्या गोलची किंमत निम्मी झाली असती, माझं तरी तेच मत आहे.
आणि कॅव्हन! तिकडं लीग ही वेगळी स्पर्धा, तिच्यात त्याच ऑक्टोबरात तिसऱ्या डिव्हिजनला घसरलेली टीम. मोनाघनविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपताना त्यांचा गोलकीपर रेमंड गॅलिगन पार पुढं आला आणि लांबनं फ्री किक मारून पॉइंट काढला, मॅच जिंकली. तिथनं प्रांताच्या फायनलला डोनेगॉलला हरवून १९९७ नंतर पहिल्यांदा अल्स्टर प्रांताचा कप घेतला. लीग असती तर ही टीम कुणाच्या लक्षात तरी राहिली असती का?

कुंडलकर
टिपरेरीचं कुणी बोललंच नाही. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन-टिपरेरी मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या फौजेनं गर्दीवर गोळ्या घातल्या, १४ माणसं गेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन. आज तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. आता बघा, शंभर वर्षं आणि एक दिवसानं, २२ नोव्हेंबर २०२० ला, टिपरेरी त्या वेळच्या पांढऱ्या-हिरव्या जर्सीत उतरली आणि कॉर्कला ०-१७ विरुद्ध ०-१४ हरवून १९३५ नंतर पहिल्यांदा मन्स्टर प्रांताचा कप जिंकली. त्याच दिवशी कॅव्हन पण जिंकली. चार प्रांतांचे चॅम्पियन डब्लिन, मेयो, कॅव्हन, टिपरेरी, म्हणजे १९२० ला होते तेच चौघं. पत्री सरकारच्या गावात वाढल्यामुळं असेल, ती मॅच बघताना माझे डोळे भरून आले.

सातारा_अजिंक्य
सगळं खरं, पण पुढचं पण सांगा की पोरांना. सेमीफायनलला डब्लिननं कॅव्हनला १-२४ विरुद्ध ०-१२ चिरडलं. मेयोनं टिपरेरीला ५-२० घातले, त्यातले ४-९ एकट्या सिलियन ओकॉनरचे. १९ डिसेंबरला फायनल, ८२ हजारांचं क्रोक पार्क कोविडमुळं मोकळं, आणि थ्रो-इन, म्हणजे मॅच सुरू, होऊन पंधरा सेकंदांच्या आत डीन रॉकचा गोल. डब्लिन २-१४, मेयो ०-१५. डब्लिनचं सलग सहावं. मेयो १९५१ पासनं कप शोधतीय. तगडी टीम शेवटी जिंकतीच, नॉकआऊटनं ते बदलत नाही. आणि लांबच्या गावची पोरं रजा काढून, टेम्पो करून येणार आणि चाळीस मिनिटांत परत, हे मला पटत नाही.

वाळव्याचा_रेडर
सगळ्यांचे आभार, लई माहिती मिळाली. अजिंक्यदादा, टेम्पोचा मुद्दा बरोबर आहे, कमिटीत पण हेच निघणार.

कराडचा_कट्टा
मग त्यांच्यासारखंच कर की. ते आधी प्रांतात खेळतात, म्हणूनच केरीला शेजारच्या कॉर्कनं काढलं. तू पण नदीकाठची गावं एका बाजूला, डोंगराकडची एका बाजूला असं कर, पहिल्या फेऱ्या जवळच्या जवळ, संध्याकाळी खेळून रात्री घरी. गटातनं जिंकलेले तेवढे शेवटच्या दिवशी तुमच्या मैदानावर. चिठ्ठ्या मात्र सगळ्या टीमच्या कॅप्टनसमोर काढा, नाहीतर पहिल्या दिवशीच भांडणं.